आप्पा शाब्बास म्हणत नसत

हेवा वाटायला काहीतरी कारण लागतं असं लोक म्हणतात. मला कधी लागलं नाही. शेजाऱ्याच्या सायकलला नवी घंटी बसली तरी माझा घास घशाखाली उतरत नसे. पण घंटीवाल्यांचा हेवा चार दिवसांत विरतो. ज्या माणसाला बढती नाही, शेत नाही, पायात धड वहाणा नाहीत, त्याचा हेवा मात्र मी अडीच वर्षं मन लावून केला, आणि आज नातवंडं खेळवायच्या वयातही तो पुरता गेलेला नाही. त्या माणसाला सगळे आप्पा म्हणायचे.

पालमच्या अलीकडं, रस्त्याला लागून, संकरित कापसाचं बियाणं तयार करायचं एक छोटं केंद्र होतं. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. केंद्रावर दोन प्लॉट होते, एक आप्पांकडं, एक माझ्याकडं. हुद्दा दोघांचा एकच. फरक एवढाच की मी पदविकेत पहिला येऊन चोविसाव्या वर्षी त्या हुद्द्यावर चढलो होतो आणि आप्पा चौपन्नाव्या वर्षीही तिथंच बसले होते. त्यांच्या बरोबरीचे लोक केव्हाच परभणीच्या कार्यालयात पंख्याखाली गेले होते. नामांतराचे दिवस होते. कधी मोर्चा, कधी बंद, परभणीची गाडी आली म्हणजे आली. त्यामुळं साहेब क्वचित यायचे आणि आम्हा दोघांना एकमेकांचं तोंड बघत राहावं लागायचं.

तोंड बघण्यासारखं काही नव्हतं. बुटका, काळासावळा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग, धोतर घोट्याच्या चांगलं वर. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं आणि ते रोज दुपारी जेवल्यावर विहिरीच्या दगडावर घासायचे. न्हावी वस्तऱ्याला जपतो तसं जपायचे त्या नखाला. एकदा ते गाडीच्या दारात सापडून तुटलं, तर आठ दिवस घरात सुतक असल्यासारखे वागले.

नखाचं कारण सांगायला पाहिजे. कापसाचं फूल आपलं लग्न आपणच लावून मोकळं होतं. संकर करायचा तर त्याच्या आधी त्याला गाठावं लागतं. दुपारनंतर बायका उद्या उमलणारी कळी हेरायच्या, अंगठ्याच्या नखानं बुडाशी कापा घेऊन पाकळ्या आणि आतले पुंकेसर एकदमच सोलून काढायच्या. मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची, तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा ही खूण. वेचणीच्या वेळी दोऱ्याची बोंडं वेगळी, बिनदोऱ्याची वेगळी. दोऱ्यातलंच बी संकरित म्हणून जायचं. बायका या सगळ्याला 'लगीन' म्हणायच्या आणि सकाळी काम करताना लग्नातलीच गाणी म्हणायच्या.

आप्पा शाब्बास म्हणत नसत. कुणालाच नाही. काम चांगलं झालं तर "बरं". बिघडलं तर "बगा". या दोन शब्दांवर त्यांनी तीस वर्षं नोकरी रेटली. मला हे फार लागायचं. मी शाब्बासकीवर वाढलेला पोरगा. पहिला नंबर आला की वडील पेढा हातावर ठेवायचे, दुसरा आला की दोन दिवस बोलायचे नाहीत. मला पेढ्याची चव कशी असते ते नीट आठवत नाही, पण वडिलांचा हात खिशाकडं जायला लागला की मी तळवा कसा पुढं धरायचो ते अजून आठवतं. नोकरीत वडिलांच्या जागी साहेब आले, एवढंच. साहेब हसले तर माझा आठवडा बरा जायचा. साहेबांनी नुसतं "हं" केलं तर मी खोलीवर येऊन त्या "हं"चा अर्थ लावत पडायचो. आणि साहेब नसले की मला आप्पांकडून काहीतरी पाहिजे असायचं. मी माझा प्लॉट त्यांना दाखवायला न्यायचो. ते ओळीतून एकदा जाऊन यायचे, "बरं" म्हणायचे आणि जायचे. त्या "बरं"मध्ये काही सापडतंय का हे मी उकरून उकरून बघितलंय. काही नसायचं.

बायकांना मात्र त्यांच्याच प्लॉटवर जायचं असायचं. हे मला सगळ्यात जास्त झोंबायचं. मजुरी सारखी, ऊन सारखं, आणि शाब्बास तर मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचो. तरी मुकादमानं हजेरी घेताना वाटणी केली की माझ्याकडं आलेल्यांची तोंडं उतरायची.

आप्पांची एक तऱ्हा होती. कोणती ओळ कोणत्या दिवशी कुणी केली हे ते एका वहीत टिपून ठेवायचे. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळं वही उर्दूत. मी एकदा ते विहिरीवर गेलेले बघून ती वही उघडली. त्यांचं गुपित त्यातच असणार असं मला वाटत होतं. उलटी धरली, सुलटी धरली, एक अक्षर लागलं तर शपथ! परत ठेवताना मी ती आपल्या मराठी वहीसारखी, डावीकडून उजवीकडं, बंद केली आणि आप्पांना तेवढ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी वही माझ्या खुर्चीवर आणून ठेवली आणि म्हणाले, "घ्या. वाचता आली तर मलाबी सांगा, माझं अक्षर मलाच लागंना झालंय."

महिना-दीड महिन्यानं बोंड फुटायला आलं की ते वही बघून एखादीला हाक मारायचे, "ये माय, तुझं बोंड बग." भर कामातनं तिला ओळीत न्यायचे. तिनं दोरा बांधलेलं बोंड तिच्याच हातानं फोडायला लावायचे. ती बसून सरकी मोजायची. आप्पा शेजारी उभे. गळून पडलेली बोंडंही दाखवायचे. "ही काहून गळाली असंल?" ती विचार करून म्हणायची, "नख आत लागलं असंल, आप्पा." "बगा," म्हणून ते निघून यायचे. एका बाईमागं पाऊण तास! मी हिशेब करून साहेबांना कळवलंही होतं की यात मजुरांचे किती तास वाया जातात. साहेबांनी त्यावर नुसतं "हं" केलं.

बक्षिसं त्यांनाही मिळालेली होती. चांगल्या प्लॉटचं प्रशस्तिपत्र परभणीला सव्वीस जानेवारीला मिळायचं. आप्पांना ते पाच वेळा मिळालं. जाड, गुळगुळीत पुठ्ठा असायचा. त्यातले दोन पुठ्ठे त्यांनी नर फुलांच्या टोपलीत तळाशी घातले होते, म्हणजे टोपलीच्या काड्या फुलांना टोचू नयेत. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा फुलं बाजूला सारून त्यावरचं नाव वाचलं. ज्याच्यासाठी मी रात्ररात्र तळमळतो त्याच्यावर हा माणूस फुलं ठेवतोय! मला वाटलं, ढोंग आहे. मग वाटलं, ढोंग असतं तर किती बरं झालं असतं.

पण त्यांच्या घरी हे कौतुकाचं नव्हतं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला असायचो. काकूंनी उरलेल्या पुठ्ठ्यांपैकी एक पळवून चौकटीत घालून घेतला होता आणि तो विभूतीच्या डब्याच्या वर टांगला होता. एकदा येसराची आमटी इतकी झकास झाली होती की मी वाटी पुसून खाल्ली आणि तसं म्हणालो. काकू पळीतली आमटी तशीच धरून थांबल्या.

"पुना म्हन की लेकरा," त्या म्हणाल्या, "ह्यांना ऐकू जाऊ दे. तीस वर्षं झाली खायलेत. गोड झालंय म्हनून एकदा तोंडातून निघंल तर!"

आप्पा खाली मान घालून जेवत होते. "वाटीत काई ठेवतो का मी?" एवढंच म्हणाले.

"वाटी बोलती का मला?" काकू म्हणाल्या.

मला तेव्हा फार बरं वाटलं. आप्पांना जमत नाही असं काहीतरी सापडलं होतं. त्याच दिवशी काकूंनी मला हळूच सांगितलं, "यंदा पुठ्ठ्यासंगं भिंतीवरचं घड्याळ हाय म्हनं. तू तरी सांग ह्यांना, जरा जोर लावा म्हनावं." मी मान डोलावली. आणि त्याच क्षणी ते घड्याळ आपल्याला पाहिजे हे माझ्या मनात पक्कं झालं. घड्याळ नको होतं हो, माझ्या मनगटावर होतंच. आप्पांच्या घरात ते गेलेलं मला नको होतं.

मी डोकं चालवलं. सकाळी माझ्या प्लॉटवरच्या प्रत्येक बाईला शंभर दोऱ्यांची जुडी द्यायची, दुपारी उरलेले दोरे मोजून घ्यायचे. आठवड्यात जिचे जास्त दोरे लागले तिला शनिवारी स्टीलचा डबा, माझ्या खर्चानं. पहिल्या आठवड्यात बायका हसल्या, चेष्टा केली. दुसऱ्या आठवड्यात दोरे दीडपट झाले. धुरपताबाई म्हणून एक चपळ बाई होती, तिनं ओळीनं तीन डबे नेले. मी तिला सगळ्यांसमोर शाब्बास म्हणायचो, टाळ्या वाजवायला लावायचो. गाणी कधी बंद पडली ते माझ्या लक्षातही आलं नाही. चौथ्या आठवड्यात दोघींची झटापट झाली, एकीनं दुसरीची ओळ चोरली म्हणून. मी खूश होतो. चुरस लागल्याशिवाय काम होत नाही, असं मी साहेबांना पत्रात लिहिलं, आणि साहेबांचं उत्तर आलं: उत्तम. ते पत्र मी उशीखाली ठेवलं.

एके दुपारी बायका भाकरी खायला गेल्या होत्या आणि मी प्लॉटवर लवकर परतलो, तर माझ्या ओळीत आप्पा वाकलेले. जवळ गेलो. ते बोंडांचे दोरे सोडत होते. माझे दोरे! धोतराच्या सोग्यात मूठभर जमलेही होते.

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, शेवटी तुम्हीही तसलेच निघालात," मी ओरडलो. मला राग आला होता हे खरं, पण त्याच्यापेक्षा आनंद जास्त झाला होता. आप्पांनाही हेवा वाटतो! आप्पाही माझ्यावर जळतात! इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मला माझ्यासारखे वाटले.

आप्पांनी एक बोंड देठानं वर केलं. "बुड बगा," ते म्हणाले. "नखाचा कापा हाय का?"

नव्हता. दुसरं दाखवलं. त्यालाही नव्हता. ती फुलं कुणी सोललीच नव्हती. ती आपली आपण लागलेली बोंडं होती आणि त्यांच्यावर नुसता दोरा चढवला होता. मी पुढची चार-पाच झाडं बघितली. दोऱ्याच्या तीन-चार बोंडांत एखादं असं निघायचं.

"हे बी ह्यात गेलं तर पुढल्या साली उगवल्यावर सगळं उघडं पडंल," आप्पा म्हणाले. "आजून वेचनीला दिस हायत. दोघं मिळून सोडून टाकू. बायांना बोलू नका, त्यांची चूक न्हाई."

दोरे सोडले तर माझा आकडा आप्पांच्या खाली जाणार होता. घड्याळ विभूतीच्या डब्याशेजारी लागणार होतं. साहेबांचं "उत्तम" खोटं ठरणार होतं. हे सगळं मला एका दमात दिसलं, आणि मी म्हणालो, "माझ्या दोऱ्यांना हात लावायचा नाही."

आप्पांनी सोग्यातले दोरे माझ्या हातात दिले. "बगा," म्हणाले आणि आपल्या प्लॉटकडं गेले.

सव्वीस जानेवारीला घड्याळ मला मिळालं. परभणीला कार्यालयाच्या अंगणात मंडप, साहेबांचं भाषण, माझं नाव. वर जाताना मी आप्पांकडं बघितलं. ते काकूंना घेऊन दुसऱ्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. चेहऱ्यावर काहीही नाही, ना राग, ना टोमणा. लग्नात वरमाला पडल्यावर वाजवतात तशा मोकळ्या टाळ्या. सगळं ठाऊक असलेला तो एकच माणूस होता आणि तोच टाळ्या वाजवत होता. बक्षीस माझ्या हातात होतं आणि जळत मीच होतो. खाली आल्यावर काकूंनी घड्याळाच्या काचेवरून बोट फिरवलं. "बरं झालं लेकरा, तुझ्या भिंतीवर तरी वाजंल," म्हणाल्या. मी ते आजपर्यंत भिंतीवर लावलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात व्हायचं ते झालं. आमच्या बियाण्याचे नमुने परभणीला पेरून बघत. माझ्या नमुन्यात भलतीच झाडं उगवली. सगळं बियाणं नाकारलं गेलं, मला मेमो मिळाला आणि माझा प्लॉट बंद झाला. मला आप्पांच्या हाताखाली दिलं. मला त्याचं काही नाही, मी पगारी माणूस. पण माझ्या प्लॉटवरच्या वीस बायांचा हंगाम बुडाला. आप्पांनी मुकादमाशी भांडून त्यांना आपल्याकडं घेतलं, सगळ्यांना आठवड्याचे तीन-तीन दिवस काम वाटून. त्यांच्या स्वतःच्या बाया त्यांच्यावर चिडल्या. आप्पा "बगा" म्हणाले.

दोऱ्यांची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. निदान चहाडी केली असती तर माझ्या मनाला किती सोपं गेलं असतं.

धुरपताबाई आता आप्पांच्या ओळीत असायची. एकदा मी तिला गाठून विचारलंच, "त्या साली खोटे दोरे बांधलेस ना?"

"बांदले की," ती सरळ म्हणाली. हात चालूच होते तिचे. "तुमी दोरे मोजायलाव, मंग आमी दोरे दिले. बोंडं मोजली असती तर बोंडं दिली असती."

"आणि डबे?"

"डबे हायत. पर तुमच्या प्लाटावरून घरी गेलं की लय डोकं दुखायचं बगा. हिचे किती, तिचे किती, हेच. सख्ख्या जावेसंगं बोलनं तुटलं माझं त्या डब्यापायी."

"आणि इथं आप्पा काय देतात?"

ती हसली. "हितं काई न्हाई देत. माझी बोंडं मला दाखवतेत. तुमी कधी बलावलंच न्हाई बगायला."

त्या हंगामात मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कळ्या सोलल्या. नख वाढवलं. आप्पांनी मला एक आख्खी ओळ दिली आणि वहीत काहीतरी उर्दूत लिहिलं. सुरुवातीला निम्म्या कळ्या माझ्या नखानं मेल्या. मग हात बसला. सकाळी बायका गाणी म्हणायच्या आणि मी त्यांच्या मागं, नर फुलांची टोपली घेऊन. खरं सांगतो, त्या दिवसांत दोन-तीन वेळा साहेबांची आठवण दिवसभर झाली नाही.

दीड महिन्यानं आप्पांनी हाक मारली. "चला, तुमचं बोंड बगा."

बोंड हातभर उंचीवर होतं, माझाच दोरा, बुडाला माझ्याच नखाचा कापा. टपोरं, चारही फाकांनी उकललेलं. मी एक फाक सोडवून सरकी मोजली. एकही पोचट नव्हती. मी बोंड तोडून हातात घेतलं आणि आप्पांकडं बघत राहिलो. मग लाज सोडून विचारलं, "आप्पा, चांगलं झालंय ना?"

"मला काहून इचारताव?" आप्पा म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात, त्यांना खरंच कळलं नव्हतं. "बोंड तुमच्याच हातात हाय की."

ते पुढच्या ओळीकडं गेले. बोंड सुंदर होतं, ते मला दिसत होतं, कळत होतं. हे बघून धुरपताबाईला जे होतं, आप्पांना जे होतं, ते आता मला होईल म्हणून मी वाट बघितली. थोडंसं झालंही. पण ते टिकेना. कुणीतरी वर बसून ते खरं आहे असं म्हटल्याशिवाय ते माझं होईना.

मी पोटात दुखतंय असं सांगून अकराची गाडी धरली. गंगाखेडला अर्धा तास खोळंबा झाला. परभणीला पोचेपर्यंत बोंड खिशात धरून हाताला घाम आला होता. साहेब कागद बघत होते. मी बोंड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हे मी स्वतः केलंय. साहेबांनी मान वर न करता त्याच्याकडं एक नजर टाकली. "छान," म्हणाले, आणि पुढचा कागद घेतला.

तेवढ्या एका शब्दावर मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून गुणगुणत आलो. आप्पांना आता काय सांगायचं, कसं सांगायचं, हे घोळवत होतो. गंगाखेडला उतरून खिशात हात घातला तेव्हा लक्षात आलं, बोंड साहेबांच्या टेबलावरच राहिलं. परभणीला जाणारी गाडी समोर उभी होती. मी काही परत गेलो नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं.